जगातल्या सगळ्या सोलविकांचं माहेर

२ जानेवारी

नवीन वर्ष. नवीन वही. संकल्प:
१. रोज लिहायचं. (काल राहिलं. काल सुट्टी होती.)
२. गुनवोरशी वाद घालायचा नाही.
३. सोलविकचं नाव वाचवायचं.

पहिले दोन किरकोळ आहेत. तिसऱ्याबद्दल सविस्तर. कालपासून आमची पालिका फ्योर्डपलीकडच्या नेसलांडच्या पालिकेत विलीन झाली. चारशे बारा माणसांच्या गावाला स्वतंत्र पालिका कशाला, असं ओस्लोतल्या कुणीतरी ठरवलं. ते एक वेळ ठीक. पण पेपरात आलंय की यंदा गावांच्या नावांचाही 'आढावा' घेणार, आणि नेसलांडवाल्यांनी आमच्यासाठी नाव सुचवलंय: नेसलांड उत्तर.

नेसलांड उत्तर! एखाद्या गोदामाचा पत्ता वाटतो.

मी एकतीस वर्षं सोलविक पोस्टाच्या काउंटरवर बसलो. एकतीस वर्षं त्या नावाचा शिक्का मारला. हे पोस्ट उघडलं माझ्या आजोबांनी. माझं आडनाव सोलविक. गावाचं नाव गेलं तर मी कोण? ऑडवार उत्तर?

हे सगळं बायकोला सांगितलं. गुनवोर म्हणाली, ख्रिसमसचं झाड आधी बाहेर काढ, सुया पडतायत. मी म्हटलं, इथे अस्मितेचा प्रश्न आहे. ती म्हणाली, मग अस्मितेवरूनही एक झाडू फिरव. वाद घातला नाही. संकल्प पाळतोय.

३ जानेवारी

झाड काढलं. सुया. लिहायला वेळ नाही.

५ जानेवारी, सकाळी १०.२०

योजना सुचली. दाढी करताना.

लोकांना वाटतं, पोस्टातला माणूस नुसते शिक्के मारतो. पण चुकून आलेली पत्रं ज्याने हाताळली त्यालाच जग कळतं. माझ्या काउंटरवर एकतीस वर्षांत पाच वेगवेगळ्या सोलविकांची पत्रं आली. एक स्वीडनमधलं. (एकदा तिथल्या कुणाची तरी कवळी इकडे आली होती. मी स्वतः नीट बांधून पाठवली. आभाराची एक ओळ नाही.) एक डेन्मार्कमधलं, तिथे तंबू ठोकायची जागा आहे. एक अमेरिकेत, मिनेसोटात, सगळ्यात मोठं. एक कॅनडातल्या गव्हाच्या मुलखात. आणि एक पार दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर, आपल्या देवमासे मारणाऱ्यांनी वसवलेलं. तिथे आता पेंग्विन असतात.

या सगळ्यांना नाव कुणी दिलं? इथून गेलेल्यांनी. (पुरावा नाही. पण दुसरं कोण देणार?) सोलविक म्हणजे सूर्याची खाडी. आमच्यासारखी खाडी दुसरी कुठे आहे? नोव्हेंबर ते फेब्रुवारी आम्हाला सूर्य दिसत नाही हे खरं, पण तो डोंगराचा दोष.

थोडक्यात, आम्ही आई. ते पाच आमच्या मुली. आईचं नाव पुसायची हिंमत कोणती कमिटी करेल? जूनमध्ये सगळ्या मुलींना माहेरी बोलवायचं. मेळावा. झेंडे, भाषण (माझं), पेपरात फोटो. नेसलांडची तोंडं बंद.

गुनवोर म्हणाली, पेंग्विन कुणाकडे उतरणार? तिचा हा सूर मला आवडत नाही.

१४ जानेवारी

इतिहास मंडळाची बैठक. हजर सहा. त्यातले तीन वॉफलसाठी. अध्यक्ष टोरब्योर्ग, वय एक्क्याऐंशी. जुन्या शाळेच्या तळघरातल्या दप्तराची किल्ली तिच्या गळ्यात असते, एवढीच तिची पात्रता.

वीस मिनिटं बोललो. संपल्यावर शांतता. भारावलेली. मग टोरब्योर्ग म्हणाली, ऑडवार बाळा, काही करायच्या आधी एकदा तळघरात येऊन जुने कागद बघून जा. मी म्हटलं, स्वतःची आई ओळखायला कागद लागत नाहीत. ती म्हणाली, बरं बाबा, तू म्हणतोस तसं. आणि मला आणखी एक वॉफल वाढलं, जॅम जरा जास्तच घालून. बाकीचे टेबलाकडे बघत होते.

ठराव मंजूर. कुणी हात वर केला नाही, पण नको असंही कुणी म्हटलं नाही.

२९ जानेवारी

तळघरात जायचं मनात होतं. थंडी फार. शिवाय जुनी लिपी वाचली की माझे डोळे चुरचुरतात. इतिहास शेवटी मनात असतो.

३ फेब्रुवारी

पाचही पत्रं लिहिली. शाईने. ई-मेल मी तत्त्व म्हणून करत नाही. सुरुवात 'प्रिय कन्यांनो' अशी होती. गुनवोर म्हणाली, अनोळखी माणसाने पहिल्याच पत्रात कन्या म्हटलं तर मी पोलिसांत जाईन. 'प्रिय सोलविककर' केलं. भाव आईचाच ठेवला.

पत्रं टाकायला गेलो. पोस्ट म्हणजे हल्ली इंगवाल्डच्या किराणा दुकानातला, गोठवलेल्या माशांशेजारचा कोपरा. माझी खुर्ची असायची तिथे केळी ठेवतात. पेंग्विनांचा पत्ता वाचून इंगवाल्डने विचारलं, साधं की रजिस्टर? रजिस्टर म्हटलं. तो म्हणाला, सही कोण करतंय ते मलाही कळव.

२६ फेब्रुवारी

उत्तरं आली.

डेन्मार्क: तंबूंच्या जागेचं छापील पत्रक, जूनमध्ये खास सवलत. हे 'अनुकूल' या सदरात टाकलं. स्वीडन: एका बाईंचं कार्ड. त्यांचं सोलविक म्हणजे तीन घरं आणि एक बस थांबा. थांबा पुढच्या महिन्यात बंद होणार, त्यामुळे कुणी निघायच्या मनःस्थितीत नाही. हेही अनुकूल, थोडं दुःखी. पेंग्विन: उत्तर नाही. तटस्थ धरले.

कॅनडा: पत्र परत. पाकिटावर शिक्का, या नावाचं पोस्ट अस्तित्वात नाही. हा शिक्का मी दुसऱ्यांच्या पत्रांवर किती वेळा मारला असेन. आज पहिल्यांदा आपल्या पत्रावर बघितला. पाकीट वहीत ठेवलं.

पण मिनेसोटा! डार्लीन ट्वेट नावाच्या बाईंचं उत्तर. अडतीस जण येतायत! सात उद्गारचिन्हं (मोजली). लिहितात की या आमंत्रणाची आम्ही कित्येक वर्षं वाट बघत होतो, आणि तुमच्या गावाची एक खास वस्तू आम्ही जपून ठेवली आहे, ती सगळ्यांसमोर देऊ.

मुलगी आईसाठी काय जपून ठेवते? दागिना. बहुतेक चांदीचा.

गुनवोरने पत्र दोनदा वाचलं. म्हणाली, ऑडवार, तुझ्या आजोबांबद्दल तुला घरात कधी कुणी काही सांगितलं होतं का रे? मी म्हटलं, ते थोर होते. ती बटाटे सोलायला निघून गेली.

१९ मार्च

नावांच्या कमिटीची मीटिंग, नेसलांडला. फेरीबोटीने गेलो.

ओस्लोहून एक सल्लागार आणलाय. टोकदार बूट, आत मोजे नाहीत, मार्च महिना. त्याने पडद्यावर निळी चित्रं दाखवली आणि सांगितलं की गावाचं नाव म्हणजे एक प्रवास असतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. अशा माणसांपुढे आपले लोक फार लवकर मान डोलावतात.

मग मी उठलो. जगाचा नकाशा उघडला. सहा सोलविक एकेक करून दाखवले. परिणाम जबरदस्त. सल्लागार भराभर टिपून घेत होता. शेवटी म्हणाला, हे फारच महत्त्वाचं सांगितलंत, म्हणजे हे नाव आधीच सहा ठिकाणी आहे. उद्या अँब्युलन्स चुकली तर? असं नाव ठेवताच येणार नाही. मी म्हटलं, अँब्युलन्स दक्षिण ध्रुवावर कशी जाईल? तो म्हणाला, आजकाल सगळं मशीन ठरवतं.

जितके सोलविक मी सिद्ध करावेत तितकं आमचं नाव डळमळीत, असा प्रकार झाला. पाच मिनिटं मी अडचणीत होतो हे कबूल करतो.

तेवढ्यात नेसलांडची आसलाउग (शाळेत माझ्या मागच्या बाकावर होती, तेव्हाही माझी चित्रं पुसायची) अगदी साखर घातल्यासारखी म्हणाली, मग ऑडवार, तूच सांग ना, नाव कुठल्या नियमाने ठरवावं?

आज माझं डोकं काय चाललं! म्हटलं, नियम एकच. गावाची सगळ्यात जुनी लेखी नोंद ज्या नावाने सापडेल, तेच नाव पाटीवर. कायमचं. अपवाद नाही.

आसलाउग म्हणाली, एकही अपवाद नाही? मी म्हटलं, एकही नाही. ती म्हणाली, लिहून घ्या रे, आणि त्याच्याखाली रेघ मारा. एकमताने मंजूर! चार मिनिटांत! याच कमिटीला कॉफीचा थर्मास कुठल्या रंगाचा घ्यायचा यावर दोन मीटिंगा लागल्या होत्या.

नंतर आसलाउगने स्वतः मला दालचिनीचा बन आणून दिला. हरल्यावरही माणसं इतकी खिलाडू असली की बरं वाटतं. मिनिट्समध्ये माझं नाव आहे.

२० मार्च

टोरब्योर्गचा फोन. पेपरात वाचलं म्हणाली. अरे, आता तरी तळघरात ये म्हणाली. मी म्हटलं, आपण जिंकलोय, आता कशाला धूळ उडवायची? ती म्हणाली, बरं, मेळाव्याला मी बदामाचा केक करते.

तिचा बदामाचा केक एरवी फक्त मयताला असतो. म्हणजे प्रसंगाचं गांभीर्य तिलाही कळलंय.

२७ एप्रिल

मेळाव्यासाठी डुगनाड. गावकामाला आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही, आणि कशासाठी असंही विचारत नाही. आलेल्यांपैकी निम्म्यांना वाटत होतं की हे सतरा मेच्या मिरवणुकीच्या तयारीचं चाललंय. मी यादी घेऊन देखरेख करणार होतो. कुणीतरी यादी काढून घेतली आणि हातात दाताळं दिलं.

धक्का रंगवला. बाक ठोकले. आणि माझा दगड बसवला. अक्षरं मी स्वतः कोरलीत, सहा आठवडे, तळहाताला फोड: 'सोलविक. सर्व सोलविकांची आई.' उचलायला अकरा जण लागले. बसवून झाल्यावर सगळे टोप्या काढून उभे राहिले. इंगवाल्डला खोकल्याची उबळ आली. मग त्याच्या बायकोला. मग बँडवाल्यांना. साथ असावी.

१७ मे

राष्ट्रीय दिन. मुलांची मिरवणूक आणि सॉसेज यांच्या मधे माझं भाषण घालून घेतलं. तिसऱ्या पानावर बँड वाजायला लागला. टाळ्या पडल्या. बँडला की मला हे सांगता येत नाही, म्हणून मला धरल्या.

७ जून

सात दिवस राहिले. पाहुण्यांची सोय शाळेत. झेंडे ३८ + ५ (मुलींच्या नावे, पेंग्विनांचाही).

गुनवोर म्हणाली, मेळाव्याआधी मला तुझ्याशी जरा बोलायचंय. मी म्हटलं, मेळाव्यानंतर बोलू. ती म्हणाली, नंतर बोलून उपयोग नाही. मी म्हटलं, मग राहू दे.

१४ जून, सकाळी ७

ऊन! सूर्याची खाडी नावाला जागली. भाषण पाठ. दागिना ठेवायला काचेची पेटी तयार आहे. आजोबा आज असायला हवे होते.

१४ जून, संध्याकाळी ६

त्रोटक लिहितो.

बस अकराला आली. अडतीसच्या अडतीस जण हाताने विणलेल्या लोकरी स्वेटरांत, चोवीस डिग्रीत. आपली भाषा बोलतात, पण पणजीच्या तोंडची. आता असे शब्द फक्त पाद्री बोलतो. डार्लीन बाई उंच, सत्तरीच्या. सगळ्यांसमोर मला कडकडून मिठी मारली. हात कुठे ठेवावेत ते मला कळेना.

पेपरवाला आला होता. आसलाउग नेसलांडहून स्वतःची घडीची खुर्ची घेऊन आली होती. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

दगडापाशी समारंभ. मी म्हटलं, आधी भेट, मग माझं भाषण, म्हणजे रंगत वाढेल. डार्लीनने पिशवीतून वस्तू काढली. दागिना नव्हता. चौकट होती. काचेमागे पत्र. सन १९१२. तिने मोठ्याने वाचायला घेतलं, तो पाद्र्याचा सूर लावून.

'सोलविक, मिनेसोटा, येथील सन्माननीय कौन्सिलास. आम्ही मोकविक गावचे रहिवासी नम्रपणे कळवतो की आमच्या गावी पोस्ट उघडत आहे...'

मोकविक. मोक म्हणजे शेणघाण. गुनवोरकडे बघितलं. ती बुटांकडे बघत होती.

तर हकिकत अशी. डार्लीनची पणजी १८८१ साली इथून अमेरिकेला गेली, ती शपथ घेऊनच, की शेणखाडीत माझं पोर जन्मणार नाही. तिकडे तळ्याकाठी पहिल्या सकाळी ऊन पडलं, म्हणून तिने नाव ठेवलं सोलविक. गाव फळफळलं. चर्च झालं, बँक झाली, बँडसुद्धा. इकडे आमच्याकडे पोस्ट यायची वेळ आली, आणि रोज शेणखाडीचा शिक्का मारायला कुणी तयार होईना. म्हणून अमेरिकेला विनंतीपत्र गेलं, की तुमचं नाव छान आहे, आम्हीही लावू का? तिकडच्या कौन्सिलने मतदान घेतलं. नऊ विरुद्ध चार. मंजूर. अट एकच, नाव स्वच्छ ठेवावं.

पत्राखाली सही: ओलाउस मोकविक, नियोजित पोस्टमास्तर. माझे आजोबा.

अडतीस जण रडत होते, आनंदाने. आमचे लोकही टाळ्या वाजवत होते. मग डार्लीनने माझा दगड वाचला, एकेक अक्षर बोटाने लावून, आणि तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू. म्हणाली, ही आई म्हणजे आम्ही ना? अगं बाई, किती गोड! सगळ्यांनी दगडाभोवती उभं राहून फोटो काढले. मला मधे घेतलं.

भाषण केलं नाही. बदामाचा केक खाल्ला. चार तुकडे.

१५ जून

सगळ्यांना माहीत होतं.

टोरब्योर्ग म्हणाली, दोनदा बोलावलं रे तुला. इंगवाल्ड म्हणाला, अख्ख्या गावाला माहितीये, मला वाटलं तुलाही असेल, आणि तरीही तू हे करतोयस म्हणजे काहीतरी मोठा डाव असेल. गुनवोर म्हणाली की आमच्या लग्नात तिची आई म्हणाली होती, सोलविक म्हण नाहीतर मोकविक, नवरा तोच. पस्तीस वर्षं ही गोष्ट पोटात ठेवली! मी विचारलं, का नाही सांगितलंस? म्हणाली, तुझ्या शिक्क्यावर तुझा किती जीव होता ते मी रोज बघत होते.

या गावात एखादा माणूस खड्ड्याकडे निघाला तर कुणी हाक मारत नाही. केक करायला घेतात.

१६ जून

शांतपणे विचार केला. तसं काही बिघडलेलं नाही. आई नाही तर नाही, आपण धाकटी लेक. धाकटी सगळ्यांची लाडकी असते. आणि शंभर वर्षं वापरलेलं नाव आपलंच. पाटीवर सोलविक राहणार, हे महत्त्वाचं. ते तर मी मार्चमध्येच पक्कं करून ठेवलंय.

१६ जून, दुपारी २

मार्चमध्ये पक्कं करून ठेवलंय.

अरे देवा.

२१ जून

कमिटीचं पत्र. 'श्री. ऑडवार सोलविक यांनी मांडलेल्या व एकमताने मंजूर झालेल्या ठरावानुसार' इतिहास मंडळाकडून जुन्या नोंदी मागवल्या. सगळ्यात जुनी नोंद १६०३ ची, करवसुलीच्या वहीतली: मोकविक, दोन शेतघरं, अकरा गायी. समासात वसुली कारकुनाचा शेरा: वास येतो. सबब पाटीवर मोकविक. हरकती ३१ जुलैपर्यंत, लेखी.

टोरब्योर्गला फोन केला. म्हटलं, ती वही हरवली असती तर? ती म्हणाली, ऑडवार, चारशे वर्षं हरवली नाही ती. मी खोटं कसं बोलू?

गुनवोरने विचारलं, अपवाद नाही असं कोण म्हणालं होतं? उत्तर दिलं नाही. संकल्प क्रमांक २.

२३ जून

हरकतीचा अर्ज सुरू. मुद्दे जबरदस्त सुचतायत. पान १४.

१ जुलै

केबिनवर, म्हणजे डोंगरातल्या सुट्टीच्या घरी आलो. जुलैमध्ये या देशात कुणी काम करत नाही. ऑफिसं बंद, कमिटी आपापल्या केबिनांत. अर्ज आत्ता दिला तरी वाचणार कोण? त्यापेक्षा इथे डोंगरात शांतपणे पूर्ण करू. गुनवोर म्हणाली, आहे तो पोस्टात टाकून आला असतास तर? अर्धवट अर्ज मी देत नाही. खात्यात वाढलोय.

९ जुलै

पाऊस. मासे नाहीत. पान २२.

१८ जुलै

पान ४१. 'वास येतो' या शेऱ्यावर स्वतंत्र प्रकरण. कारकुनाला सर्दी असू शकते, मग त्याला वास कसा आला?

३० जुलै

पूर्ण! साठ पानं. गुनवोरने वाचलं. म्हणाली, शेवटची ओळ चांगली आहे. शेवटची ओळ: 'माझ्याकडे दुसरं नाव नाही.' उद्या खाली उतरून पोस्टात टाकतो. एक दिवस हातात आहे.

३१ जुलै

पोस्ट म्हणजे इंगवाल्डचं दुकान. दारावर चिठ्ठी: आम्ही केबिनवर. सोमवारी भेटू.

काच बंद होती. आत केळी दिसत होती. एकतीस वर्षांत मी कधी जुलैमध्ये काउंटर बंद ठेवला नव्हता. दारातच बसलो. राग आला, आणि कुणावर काढावा ते कळेना.

१२ ऑगस्ट

कमिटीचं उत्तर. अर्ज मुदतीनंतर आला. विलंब माफ करता येत नाही. 'अपवाद नाही' हे शब्द आपल्याच ठरावात अधोरेखित आहेत. सही, आसलाउग. खाली हाताने लिहिलंय: वाईट वाटतं रे. खरंच.

तिला खरंच वाईट वाटलं असावं, हेच जास्त लागलं.

१३ सप्टेंबर

पाटी लागली. अर्थातच डुगनाड. नाही म्हणता येत नाही. मी शिडी धरली.

मला वाटलं होतं, गाव लाजेने मान खाली घालेल. गाव खुशीत आहे. जर्मन प्रवासी गाड्या थांबवून पाटीखाली फोटो काढतात. इंगवाल्डने मोकविक लिहिलेल्या टोप्या आणल्या, आठवड्यात संपल्या. बँडने नाव बदललं. त्या सल्लागाराचा ई-मेल आला म्हणे, की असं धाडसी नाव सुचायला प्रतिभा लागते, आणि आपल्या पुढच्या व्याख्यानात तो माझं नाव घेणार आहे.

चारशे अकरा माणसांनी एका दुपारीत नाव बदललं आणि कॉफी प्यायला गेले. गावात सोलविक आता मी एकटा. (गुनवोरने लग्नानंतरही माहेरचंच आडनाव ठेवलंय.)

४ ऑक्टोबर

मिनेसोटाहून पत्र. कौन्सिलचा कागद. डार्लीन बाईंची सही, या वेळी एकही उद्गारचिन्ह नाही.

त्यांना पेपरातून कळलं की आमच्या गावाने ते नाव वापरणं थांबवलंय. सबब १९१२ ची परवानगी परत घेतली असं समजावं. मतदान सात विरुद्ध दोन. चौकट कृपया जपून पॅक करून पाठवावी.

दुसरा मुद्दा. परवानगी गावाला दिली होती. आडनावाला दिल्याची नोंद सापडत नाही. तथापि असं आडनाव लावणारी व्यक्ती तिथे एकच आहे, आणि तिने पाहुण्यांची चांगली बडदास्त ठेवली. त्यामुळे ती हयात असेपर्यंत कौन्सिलची हरकत नाही. अट जुनीच.

गुनवोरला वाचून दाखवलं. मला रडू आलं, ते लपवायलाही सुचलं नाही. तिने थट्टा केली नाही.

चौकट पॅक केली. मऊ कागद, दुहेरी पुठ्ठा, चारी बाजूंनी सुतळी. असं पार्सल आता कुणी बांधत नाही. सोबत दोन ओळी लिहिल्या, आभाराच्या. मग पार्सल उलटं केलं. एकतीस वर्षं मी काउंटरवरून लोकांना बजावत आलो, प्रेषकाचा पत्ता पूर्ण आणि सुवाच्य लिहा. बराच वेळ पेन हातात धरून बसलो. गुनवोर शेजारी येऊन बसली. मग लिहिलं.

प्रेषक: ऑडवार सोलविक, मु. पो. मोकविक.